नवोदित खेळाडूंचा छळ : पालकांनी काय ओळखावे, काय करावे

आपला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या संघात निवडली गेली, की घरात आनंद होतो. वाराणसीला हा आनंद नवा नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातील मोहम्मद शाहिद याच शहराचे. टोकियो आणि पॅरिस येथे कांस्यपदक मिळवणाऱ्या संघांतील ललित उपाध्यायही येथलेच. ब्रह्मघाट, दुर्गाघाट परिसरातील मराठी घरांमधूनही मुले मैदानावर, तालमीत किंवा क्रीडा वसतिगृहात जातात. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या वाट्याला कधी कधी असे काही येते, जे ती घरी सांगत नाहीत. ही माहिती त्याविषयी आहे.

संघात नव्याने आलेल्याला वरिष्ठांनी ‘परंपरा’ म्हणून त्रास देणे, यास आपल्याकडे रॅगिंग म्हणतात. शेकडो उठाबशा काढायला लावणे, रात्री झोपू न देणे, कपडे उतरवायला लावणे, त्याचे चित्रण करणे, खाऊ नये ते खाऊ घालणे, जातीवरून, भाषेवरून किंवा शरीरावरून नावे ठेवणे, पैसे उकळणे, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. मुलींच्या संघांमध्येही हे घडते. तेथे मारहाणीपेक्षा बहिष्कार आणि मोबाइलवरील बदनामी अधिक आढळते, म्हणून ते उशिरा लक्षात येते.

तालीम आणि छळ यांतील फरक

अनेक पालक येथेच अडखळतात. ‘कष्ट सोसल्याशिवाय खेळाडू घडत नाही,’ असे आपण सर्वच मानतो आणि ते खरेही आहे. काशीतील कोणत्याही जुन्या आखाड्यात, उदाहरणार्थ तुळशीघाटावरील स्वामीनाथ आखाड्यात, दंड-बैठका हाच व्यायामाचा पाया आहे आणि हौदातील माती फावड्याने खणणे हाही व्यायामच मानला जातो. ते काम कठीण आहे. परंतु माती सारेच खणतात, थोरला पैलवानसुद्धा. बैठकांची संख्या शरीराच्या तयारीप्रमाणे हळूहळू वाढवली जाते आणि वस्ताद समोर उभे असतात.

छळात यातील काहीच नसते. काम फक्त नव्याला असते, संख्या अचानक ठरते, जाणता माणूस जवळ नसतो आणि थांबण्याची मुभा नसते. म्हणून मुलाला ‘किती बैठका काढल्यास?’ एवढेच विचारू नका. ‘दमल्यावर थांबता आले असते का?’ असेही विचारा. ‘त्याने स्वतः होकार दिला होता,’ हे वरिष्ठांचे उत्तर ग्राह्य धरू नये. संघातून बाहेर पडण्याच्या भीतीने दिलेला होकार हा होकार नव्हे.

शरीरावर होणारे परिणाम

छळ म्हणजे केवळ मनाला लागणारी गोष्ट, असा समज आहे. रुग्णालयात मात्र त्याचे वेगळे रूप दिसते.

सवय नसताना एका दमात शेकडो उठाबशा काढल्यास मांड्यांच्या स्नायूंतील पेशी फुटतात. त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. लक्षणे लगेच दिसत नाहीत. एक ते तीन दिवसांनी मांड्या सुजतात, जिना चढता येत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. लघवीचा रंग असा दिसल्यास मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि उठाबशांची गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी, कारण ती सांगितल्याशिवाय आवश्यक ती रक्ततपासणी सुचणार नाही. घरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये. तिने मूत्रपिंडांवरील भार वाढतो. वेळेत सलाइन मिळाल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

मे-जूनच्या उन्हात शिक्षा म्हणून पळवलेल्या मुलाला उष्माघात होऊ शकतो. मूल असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडले, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये. सावलीत नेऊन अंगावर सतत गार पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

या शहरासाठी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. महाशिवरात्रीला आणि होळीला भांग येथे सहज मिळते आणि ‘प्रसाद’ म्हणून नव्या खेळाडूला ती पाजणे पुष्कळांना निरुपद्रवी थट्टा वाटते. पोटातून घेतलेल्या भांगेचा परिणाम अर्धा ते दोन तासांनी सुरू होतो. तोपर्यंत ‘याला काही चढलेच नाही’ म्हणून आणखी पाजली जाते. मग धडधड, तीव्र भीती, उलट्या, भास होतात. अशा मुलाला एकटे झोपवू नये. कुशीवर निजवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि जाग येत नसेल तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. कबीरचौऱ्यातील शिवप्रसाद गुप्त रुग्णालयात किंवा काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात जाता येईल. उपचार आधी, कोणी पाजली याची चौकशी नंतर.

मूल गप्प का राहते

त्याला आपल्यावर विश्वास नसतो असे नाही. त्याला संघातील जागा जाण्याची भीती असते. शिवाय पुढच्या वर्षी आपण वरिष्ठ होऊ, मग आपली पाळी, हा हिशेबही असतो. छळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो याच हिशेबावर.

म्हणून शब्दांपेक्षा वागण्याकडे पाहावे. आवडत्या खेळाचा अचानक कंटाळा येणे, वसतिगृहात परतण्याच्या आदल्या संध्याकाळी पोट दुखणे, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा न काढणे, वस्तू वारंवार ‘हरवणे’, मोबाइल वाजताच दचकणे. यांतील एखादेच लक्षण असेल तर घाबरू नये. दोन-तीन एकत्र दिसली आणि टिकली, तर शांतपणे बसून बोलावे. ‘तुला कोणी मारले का?’ या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘तुमच्या संघात नव्या मुलांना काय काय करावे लागते?’ असे विचारल्यास ते बोलू लागते. ऐकताना मध्येच ‘आमच्या वेळी याहून जास्त होते’ असे म्हणू नये. हे वाक्य उच्चारले की संभाषण तेथेच संपते.

मे २०१५ मध्ये केरळमधील अलप्पुळा येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जलक्रीडा केंद्रात चार किशोरवयीन मुलींनी एकाच दिवशी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. त्यांतील एक वाचली नाही. वरिष्ठांकडून त्रास होत असल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला होता. आपले मूल ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे काही बोलले, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. त्या वेळी मुलाला एकटे ठेवू नये आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, निःशुल्क, सल्ला घ्यावा.

तक्रार

प्रथम जखमांची वैद्यकीय नोंद करून घ्यावी. संदेश व चित्रफिती पुसू नयेत आणि पुढेही पाठवू नयेत. मग प्रशिक्षकांना नव्हे, मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. प्रशिक्षक चांगले असले तरी संघ त्यांचाच असतो आणि प्रकरण आपापसांत मिटवण्याचा मोह त्यांना होतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्येच आपल्या शाळांना छळ रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत. ती समिती कोठे आहे, हे शाळेला विचारावे. वसतिगृहाचे अधीक्षक किंवा प्रशिक्षक स्वतः मारहाण करत असतील, किंवा ताब्यातील मुलाची जाणूनबुजून हेळसांड करत असतील, तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ नुसार तो गुन्हा आहे. लैंगिक स्वरूपाचा कोणताही प्रकार पॉक्सो कायद्याखाली येतो. त्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मुलाचे नाव उघड करण्यास मनाई आहे. शाळा ऐकत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, तातडीच्या प्रसंगी ११२.

आपलेच मूल छळ करणाऱ्यांत असल्याचे कळले, तर ते नाकारू नये आणि त्याला झोडपूही नये. त्याने कधी काय सोसले होते, हेही विचारावे. बऱ्याचदा उत्तर तेथे सापडते. परिणाम मात्र त्याने भोगलाच पाहिजे, मग सामना बुडाला तरी चालेल.

त्रास झालेल्या मुलाला खेळ सोडायला लावण्याची घाई करू नये. खेळ त्याचा आहे. मैदान बदलावे, संघ बदलावा की काही महिने थांबावे, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. स्नायूंना इजा झाली असल्यास डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासून परवानगी देईपर्यंत धावणेही बंद ठेवावे.