पेट्रोल टाकीचे झाकण उघडत नसेल तर

ठरल्या दिवशी माल पोहोचवणे हा आम्हा व्यापाऱ्यांचा वायदा. एका झाकणापायी तो मोडू नये.

सीटजवळची लिव्हर ओढूनही झाकण उघडत नसेल तर पेचकसाने उचकटू नका; पत्रा वाकतो, रंग जातो. एकाने लिव्हर ओढून धरावी, दुसऱ्याने झाकण हलकेच दाबून सोडावे. उघडले तर दोष स्प्रिंगचा किंवा गंजाचा. बिजागरी पुसून तेल द्यावे. लिव्हर ढिली लागली तर केबल तुटली किंवा निसटली समजावे. बऱ्याच मोटारींत डिकीतले त्या बाजूचे अस्तर सरकवून केबलचे टोक हाताने ओढता येते. झाकणाला सेंट्रल लॉकिंग असेल तर आधी दारांचे लॉक उघडावे, मग फ्यूज तपासावा.

पाव टाकी शिल्लक असतानाच हे करावे. इन्शाअल्लाह, वायदा टळणार नाही.