चिकुनगुन्या एकच, घराणी वेगळी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात लोणावळा, कामशेत, वडगाव या भागांतून तापाचे जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांत सांधे धरलेले काही जण असतातच. रक्ताचा अहवाल 'चिकुनगुन्या' असा आला की घरची वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "डॉक्टर, आमच्या लहानपणी हा रोग नव्हता. मग आला कुठून?" प्रश्न साधा आहे, पण नाडी पाहून किंवा नेहमीच्या रक्ततपासणीवरून त्याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी विषाणूची वंशावळच पाहावी लागते, आणि ती पाहण्याचे काम आपल्या पुण्यात झालेले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. या रोगाचा चिकनशी काहीही संबंध नाही. 2006 च्या साथीत कित्येकांनी केवळ नावामुळे कोंबडी खाणे सोडले होते! हे नाव आफ्रिकेतील टांझानिया देशातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतील असून, 'वाकवणारा' असा त्याचा साधारण अर्थ होतो. तिथेच 1952-53 च्या साथीत हा विषाणू प्रथम ओळखला गेला. रोग पसरवतो तो एडिस जातीचा, दिवसा चावणारा डास.

भारतात 1963 साली कोलकात्यात याची मोठी साथ आली. महाराष्ट्रात 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात ती उसळली. त्यानंतर सुमारे 32 वर्षे मोठी साथ नाही. मग 2005 च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक आणि आपल्या राज्यात एकाएकी गावेच्या गावे अंथरुणाला खिळली. 2006 या एका वर्षात देशभर सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. बार्शीचाच विषाणू इतकी वर्षे कुठेतरी दबा धरून बसला होता आणि तो पुन्हा उठला, असे कोणालाही वाटले असते.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जुन्या साथींतील विषाणू जपून ठेवलेले होते. 1952 साली 'विषाणू संशोधन केंद्र' म्हणून सुरू झालेली ही संस्था. तेथील शास्त्रज्ञांनी जुने आणि नवे विषाणू शेजारी शेजारी ठेवून त्यांची जनुकीय अक्षरे वाचली. यालाच जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात.

हे वाचन कसे असते? चिकुनगुन्याच्या विषाणूत आरएनएचा एक धागा असतो आणि त्यावर चार प्रकारच्या 'अक्षरां'त लिहिलेला सुमारे 11,800 अक्षरांचा मजकूर असतो. विषाणू वाढतो म्हणजे या मजकुराच्या नकला होतात आणि नकला करताना चुका राहतात. आपल्याकडे पूर्वी पोथ्यांच्या नकला हाताने होत. एका लेखकाने चुकवलेला शब्द पुढच्या सगळ्या नकलांत तसाच उतरे. एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. विषाणूंच्या बाबतीत अशाच ताडणीतून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली ते कळते. समान चुका असलेले विषाणू एका घराण्याचे. अशी चिकुनगुन्याची तीन मुख्य घराणी मानतात: पश्चिम आफ्रिकी, आशियाई, आणि पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी.

निकाल अनपेक्षित निघाला. 1963 चा कोलकात्याचा आणि 1973 चा बार्शीचा विषाणू आशियाई घराण्याचे होते, तर 2005-06 च्या साथीतील विषाणू आफ्रिकी घराण्याचे. म्हणजे जुना रोग उठलेला नव्हता, रोग तोच पण विषाणू दुसऱ्या घराण्याचा होता.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील आहे. सोलापूर रस्त्यावरील यवत येथे 2000 साली पकडलेल्या एडिस डासांत संस्थेला चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला होता. त्याची अक्षरे वाचली तेव्हा तोही आफ्रिकी घराण्याचा निघाला. साथ पेटण्याच्या पाच वर्षे आधी हे घराणे पुणे जिल्ह्यात पोहोचलेले होते! रुग्णांची रांग लागण्याची वाट न पाहता डास पकडून तपासत राहणे किती मोलाचे आहे ते यावरून दिसते. अशा कामाला पैसा आणि माणसे देताना मात्र आपल्याकडे हात आखडता घेतला जातो.

एका अक्षराने काय होते तेही पाहा. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर 2005-06 मध्ये जवळजवळ एक तृतीयांश लोकांना हा रोग झाला. तिथल्या विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाची 226 वी कडी बदललेली होती. कारण फक्त एका अक्षराचा फरक. तेवढ्याने तो विषाणू एडिस अल्बोपिक्टस या डासात कितीतरी सहज वाढू लागला. 2007 मध्ये केरळात हाच बदल आढळला. हा डास घरापेक्षा झाडीत अधिक रमतो, झाडांच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या पेरात साचलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात त्याला काय कमी?

रुग्ण विचारतात, "मग माझ्या रक्ताचीही ही तपासणी करा ना." तिची रुग्णाला गरज नसते. घराणे कोणतेही असो, औषधोपचार तोच: विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन किंवा दुखणे थांबवणारे इंजेक्शन घेऊ नये, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. विषाणूची अक्षरे वाचायची तर रक्त तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतले हवे. नंतर रक्तात प्रतिपिंडे सापडतात, विषाणू क्वचितच. म्हणून सरकारी आरोग्य कर्मचारी साथीच्या दिवसांत नमुना मागायला आले तर "आता बरं वाटतंय, कशाला?" म्हणून त्यांना परत पाठवू नये.

लोणावळ्यात शनिवार-रविवारीच उघडणारे बंगले पुष्कळ आहेत. तिथल्या उघड्या टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि छपरावरचे प्लास्टिक यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायला माळ्याला सांगावे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. भांडे नुसते ओतून भागत नाही, आतून घासावेही लागते, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात.