पहिल्या संगणकासाठी प्रोसेसरची निवड

दिंडोरी तालुक्यातील शेतकरी विहिरीवर विद्युत मोटार बसविताना आधी विहिरीचे पाणी पाहतो, मग पाणी किती उंच चढवावयाचे ते पाहतो आणि शेवटी पाइपचा व्यास. तीन अश्वशक्तीच्या कामाला दहा अश्वशक्तीची मोटार तो घेत नाही. संगणकाचे सुटे भाग आणून पहिलाच संगणक घरी अथवा शाळेत जोडावयाचा असेल, तर प्रोसेसरच्या बाबतीत हाच हिशेब मांडावा लागतो. तो चुकला, तर द्राक्षाच्या हंगामातून मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली रक्कम अशा शक्तीवर खर्ची पडते की जिचा उपयोग कधीच होणार नाही. कार्यालयांची खरेदी विहित पद्धतीने आणि बहुधा तयार संगणकांचीच होते. तथापि मागणीपत्रात प्रोसेसरचा तपशील लिहावाच लागत असल्याने हे ज्ञान तेथेही उपयोगी पडावे.

१९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज साध्या प्रोसेसरमध्येही ते कोट्यवधी असतात. त्यामुळे पत्रव्यवहार, ताळेबंद, मराठी टंकलेखन, दूरस्थ वर्ग आणि प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक शिक्षण या कामांना अलीकडच्या पिढीतील कमी किमतीचा प्रोसेसर पुरून उरतो. चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे चार विभाग, आणि आठ थ्रेड एवढी क्षमता या कामांस पुरेशी समजावी. २०२२ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय ३-१२१०० या मापाचा आहे. २०२१ मधील एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये सहा कोअर व बारा थ्रेड आहेत. ज्यांना चित्रफितींचे संपादनही करावयाचे आहे त्यांना तो अधिक सोयीचा. केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहून तुलना करणे मात्र व्यर्थ होय, कारण दर ठोक्याला होणारे काम पिढीगणिक वाढत गेले आहे.

नवख्या ग्राहकाची सर्वात मोठी फसगत नावाच्या शेवटच्या अक्षरात होते. आय ३-१२१०० आणि आय ३-१२१००एफ या दोहोंत कोअर तेवढेच. परंतु एफ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र उमटविणारा ग्राफिक्सचा भाग कार्यरत नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून आणावा, सर्व जोडणी बिनचूक करावी आणि पडदा मात्र काळाच राहावा, असा हा प्रकार आहे. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते व वाचलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च येतो. एएमडीच्या ५००० मालिकेत नियम उलटा आहे. तेथे जी अक्षर असेल तर ग्राफिक्स अंतर्भूत; रायझन ५ ५६०० किंवा ५५०० यांत ते नाही. अंतर्भूत ग्राफिक्स संगणकाच्या स्मृतीचाच काही भाग वापरते. म्हणून सोळा जीबीची एकच पट्टी बसविण्यापेक्षा आठ जीबीच्या दोन बसविणे इष्ट. मोटार चांगली असूनही पाइप अरुंद असला, तर पाणी बेताचेच येते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड एकत्रच करावी, कारण एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. ५६००जी एएम ४ सॉकेटमध्ये बसतो व डीडीआर ४ स्मृती वापरतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ सॉकेटला डीडीआर ५ स्मृती लागते. खर्च वाढतो, पण पुढे केवळ प्रोसेसर बदलून संगणक अद्ययावत करण्याची वाट मोकळी राहते. आय ३-१२१०० ज्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतो, त्याची मालिका पुढे चालली नाही. २०२४ पासून इंटेलच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांना वेगळे सॉकेट आहे. जुना मदरबोर्ड स्वस्तात मिळत असल्यास त्याचे बायोस नव्या प्रोसेसरला ओळखते किंवा नाही, हे दुकानातच तपासून घ्यावे.

साधा प्रोसेसर घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तो एखादा अवाढव्य प्रोसेसर वापरून नव्हे, तर बाजारात मिळणारे अनेक ट्रान्सप्युटर एकत्र कामाला लावून.

जुन्या बाजारात चौथ्या-पाचव्या पिढीचे संगणक अल्प किमतीत मिळतात. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक आहे. लिनक्स वापरण्याची तयारी असलेल्या शाळेने जुना संगणक अवश्य घ्यावा. इतरांनी या मोहात पडू नये.

खरेदीच्या वेळी प्रोसेसर मूळ खोक्यात आहे की ‘ट्रे’ स्वरूपात सुटा आहे, हे विचारावे. वर नमूद केलेल्या दोन्ही प्रोसेसरांच्या खोक्यात पंखाही मिळतो; सुट्याला तो वेगळा घ्यावा लागतो आणि हमीच्या अटीही निराळ्या असू शकतात. खोक्यावरील क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. बसविताना वीजजोड काढून, प्रोसेसरच्या कोपऱ्यातील लहान त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवावा व तो अलगद ठेवावा. एएम ४ मध्ये टाचण्या प्रोसेसरला असतात, एलजीए १७०० मध्ये त्या मदरबोर्डवर असतात. दोन्ही ठिकाणी त्या बोटाच्या ओझरत्या स्पर्शानेही वाकतात, आणि वाकलेल्या टाचणीला हमी लागू होत नाही.