चांदीप ते न्यूयॉर्क

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे चौदा तास, असा हिशेब आमच्या दाजींनी चांदीप गावी ओट्यावर बसून केला होता. लेकीकडे जायचं होतं. ताई आणि ते, दोघंही साठीपुढचे. तिकीट आलं तर जाताना सोळा तास, येताना चौदा-साडेचौदा. दाजी फोनवरून एजंटशी भांडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात; थंडीत तर जोर फारच. धावपट्टीच्या रांगेत रखडायचा वेळही त्या तासांत धरलेला असतो.

लंडनमार्गे गेलं तर अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे चारेकशेने. तरी प्रवास बावीस तासांचा होतो की तिसाचा, हे मधल्या थांब्यावर ठरतं. वयस्कर माणसांनी तीन-चार तासांचा थांबा घ्यावा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागावी. गुडघे दुखत नसले तरी. अमेरिकेत उतरून आणखी पुढचं विमान धरायचं असेल, तर इमिग्रेशन पहिल्याच विमानतळावर होतं आणि बॅगाही साधारणपणे तिथेच पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

पण घात होता होता राहिला तो तारखेमुळे. तिकिटावर 15 तारीख, वेळ 00:55. दाजी 15 च्या रात्रीची तयारी करत होते. 14 ला दुपारी लेकीचा फोन आला, "बाबा, बॅगा भरल्या ना? आज रात्री विमान आहे." मग जी पळापळ झाली ती विचारू नका. ताईची औषधं घ्यायला मी विरारला धावलो.

चांदीपहून सहारचा विमानतळ पन्नासेक किलोमीटर. शिरसाड फाट्याला महामार्गाला लागायचं, पुढे खाडीवरचा वर्सोवा पूल, घोडबंदरचा नाका, दहिसर. रस्ता मोकळा मिळाला तर दीड-दोन तास. एखादा ट्रक आडवा झाला की किती, ते तोच जाणे. 2023 मध्ये नवा पूल झाला, तरी पुलाच्या तोंडाशी कोंडी होतेच. तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचं असतं आणि तासभर आधी तर काउंटरच बंद होतो. म्हणून 00:55 च्या विमानासाठी मी आदल्या संध्याकाळी सहाच्या आत गाडी काढायला सांगतो. पावसाळ्यात पाचच्या.

आता एक नवी भानगड आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून निघू नका, कोड बघा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलवे. उलव्याला जायचं तर ठाणे ओलांडून पुढे बरीच मजल आहे, तेव्हा गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.