बेडकाच्या पिल्लाचे संगोपन

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की नरोलीच्या भातखाचरांतून पिवळ्याजर्द बेडकांचा गजर सुरू होतो. पुढे काही आठवड्यांनी त्यांची इवलीशी पिल्ले बांधावर दिसू लागतात. विद्यार्थिमित्रहो, असे एखादे पिल्लू बरणीत घालून घरी न्यावे, हा मोह आपणांपैकी कोणास झाला नसेल? परंतु बेडूक पाळणे म्हणजे काय, हे आपण आधी समजून घेऊ.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना, ब्राझील आदी देशांत शिंगवाला बेडूक आढळतो. डोळ्यांवरील कातडीचे उंचवटे शिंगांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. परदेशांत अनेक जण त्याचे पिल्लू हौसेने पाळतात. हा बेडूक ओल्या मातीत अंग पुरून भक्ष्याची वाट पाहत तासन्‌तास बसतो. त्यामुळे त्यास मोठी जागा लागत नाही. मऊ, ओलसर माती मात्र हवीच.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते कातडीतून अंगात शिरते, आणि कातडीतून तो श्वासही घेतो. भांड्यात साचलेली घाणही त्याच वाटेने शरीरात भिनते. यास्तव पाणी रोज बदलावे, पेटी उन्हात ठेवू नये व पिल्लास वारंवार हाताळू नये. खाण्यास गांडुळे, रातकिडे द्यावेत. परंतु घास त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. मुख्य म्हणजे एका पेटीत एकच पिल्लू ठेवावे. दोन ठेवल्यास एक दुसऱ्यास गिळू पाहते. ही क्रूरता नव्हे. जे हलते ते अन्न, एवढेच त्यास ठाऊक.

आपला पिवळा बेडूकही असाच खादाड. माणसाबरोबर तो अंदमानात पोहोचला आणि तेथील मूळच्या जीवांस संकट होऊन बसला. म्हणून पाळलेला परका बेडूक कंटाळा आला तरी ओढ्यात सोडू नये. आपल्या खाचरांत मात्र हीच भूक शेतकऱ्याच्या उपयोगी पडते, कारण पिकावरील किडे तो फस्त करतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली.

तेव्हा खाचरातील पिल्लू खाचरातच राहू द्यावे. आपण बांधावर बसून त्याचे निरीक्षण करावे, त्याचे डबके बुजवू नये, त्यात विषारी औषधे सांडू नयेत. ज्यास जिवाचा स्वभाव उमगला, तो हातातील बरणी आपणहून खाली ठेवील.