जुन्या गाडीचा बोनस नव्या गाडीला

प्रश्न : ५ वर्षांत एकही क्लेम घेतलेला नाही. आता गाडी विकून नवी घेतोय. नो क्लेम बोनस (एनसीबी) बुडेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग ५ वर्षे क्लेम नसेल, तर नव्या गाडीच्या 'ओन डॅमेज' हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यात मात्र नाही. गाडी विकल्यावर आरसी ट्रान्सफरचा पुरावा देऊन जुन्या विमा कंपनीकडून एनसीबी प्रमाणपत्र मागून घ्या. ते ३ वर्षे चालते. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर जरूर ताडून पाहा. हक्काची सूट आहे, प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय नव्या पॉलिसीचे पैसे भरू नका.