वाळूच्या बेटावरील मुक्काम : पूर्वतयारीचा एक पाठ

सहल ठरली की आपल्या मनात प्रथम येतो तो खाऊचा डबा आणि त्यानंतर सोबती. सहलीची आखणी ही मोठ्या माणसांनी करावयाची गोष्ट, असा आपला समज असतो. परंतु नीट पाहिले तर एका सहलीच्या आखणीत भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय एकत्र येतात. आणि तेथे केलेली चूक परीक्षेतील चुकीप्रमाणे केवळ गुण कमी करून थांबत नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी येथील समुद्रात आपल्या बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील आठ जण बुडून मृत्यू पावले. ते दुःख या भागातील घरे विसरलेली नाहीत. सबब हा पाठ आम्ही थोड्या गांभीर्याने लिहीत आहोत.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात किनाऱ्यांचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने ऑस्ट्रेलियातील एका बेटाची चित्रफीत पाहिल्याचे सांगितले. तीत जीपगाड्या थेट समुद्राच्या काठाने वाळूवरून धावत होत्या आणि माणसे तंबू ठोकून राहत होती. “सर, आपणही अशीच जीप घेऊन मालवणच्या वाळूवर मुक्कामाला जाऊ या का?” असे त्याने विचारले. वर्ग हसला; पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही म्हणालो, “प्रथम त्या बेटावरील मुक्कामाची आखणी कागदावर करू. मग तीच आखणी आपल्या किनाऱ्याला लावून पाहू.” चार तासिका त्यात गेल्या. त्यांचा सारांश येथे देत आहोत.

ते बेट कोणते?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यालगत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे एक बेट आहे. वाळूचे बनलेले जगातील सर्वांत मोठे बेट ते हेच. पूर्वी त्यास फ्रेझर बेट म्हणत. २०२३ साली बुचुल्ला या तेथील मूळ रहिवाशांचे ‘गरी’ हे नाव त्यास अधिकृतपणे परत देण्यात आले. दक्षिणेकडील नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली वाळू लाटांनी लाखो वर्षे उत्तरेकडे वाहून नेली आणि तिचे हे बेट झाले. नुसत्या वाळूवर तेथे उंच अरण्य वाढलेले आहे आणि वाळूच्या टेकड्यांवर गोड्या पाण्याची तळी आहेत. १९९२ साली त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

या बेटावर आपल्याकडच्यासारखे डांबरी रस्त्यांचे जाळे नाही. पूर्वेकडील लांबच लांब पुळण हाच तेथील राजमार्ग. म्हणून ज्या गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते, अशीच गाडी तेथे नेता येते. गाडीसाठी एक परवाना लागतो आणि तंबूसाठी दुसरा. डिंगो नावाची रानकुत्री तेथे हिंडत असल्याने अन्न बंद पेटीत ठेवावे लागते, आणि लहान मुले बरोबर असणाऱ्या कुटुंबांना कुंपण असलेल्या जागीच मुक्काम करण्याचा सल्ला दिला जातो.

वाळूवर चाक का रुतते?

वर्गातील बहुतेकांचे मत पडले, की गाडीत जोर कमी म्हणून चाक रुतते. ते खरे नव्हे. चाक रुतते ते दाबामुळे. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, हे आपण शिकलो आहोत. सामानासह एका जीपचे वजन ४,३२० पौंड, म्हणजे सुमारे १,९६० किलो आहे असे समजा. प्रत्येक चाकावर १,०८० पौंड भार आला. टायरमध्ये दर चौरस इंचास ३६ पौंड हवा असेल, तर तो भार पेलण्यास सुमारे ३० चौरस इंच टायर जमिनीस टेकला पाहिजे. हवा १८ पौंड केली, तर तोच टायर पसरून सुमारे ६० चौरस इंच टेकतो. टायर स्वतः ताठ असल्याने हा हिशेब अगदी काटेकोर नव्हे. पण दिशा बरोबर आहे. वजन तेच राहिले, दाब निम्म्यावर आला. उंटाचा पसरट तळवा वाळवंटात जे काम करतो, तेच काम कमी हवेचा टायर करतो.

तथापि कमी हवेच्या टायरवर वेगाने वळणे घेतली तर टायर कडीवरून निसटतो. म्हणून गाडी सावकाश हाकावी लागते, आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. चाक फिरतच राहून खड्डा खोल होऊ लागला, तर जोर वाढवावयाचा नसतो. थांबावे, उतरावे आणि फावड्याने चाकापुढील वाळू काढावी. जोर करण्यापेक्षा थांबणे हा उपाय आहे, हे मुलांना मोठे नवल वाटले.

भरतीचे गणित

ज्या पुळणीवर सकाळी रस्ता असतो, तेथे दुपारी समुद्र असतो. म्हणून गरी बेटावर पूर्ण भरतीच्या आधी दोन तास व नंतर दोन तास पुळणीवर गाडी नेऊ नये, असा दंडक आहे. भरती दहा वाजता असेल, तर आठ ते बारा गाडी उभी.

हे गणित आपल्या कोकणात नवे नाही. आमच्या कोंकणी बोलीत ओहोटीस ‘सुकती’ म्हणतात, आणि सुकतीचा हिशेब घड्याळावर नव्हे तर तिथीवर होत असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. त्याचे कारण असे, की चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. पाऊणपटीचा हा आडाखा समजण्यापुरता आहे. निघण्यापूर्वी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहिलेच पाहिजे.

आता आपला किनारा

निपाणीहून निघालो तर मुधाळ तिठ्ठा, राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट उतरावा आणि कणकवलीवरून मालवण गाठावे. बेळगावहून निघणाऱ्यांनी शिनोळी, चंदगडवरून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळमार्गे जावे. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम येथे पाळावा. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास ब्रेक तापून निकामी होतात.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. तो ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते खडकाचे आहे, म्हणूनच त्यावर तट टिकला. त्याच्या दक्षिणेस तारकर्लीच्या पुढे देवबाग लागते. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि मध्ये वाळूची निमुळती पट्टी. तिच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते, आणि तेथे नदीच्या मुखात एक वाळूचे बेट आहे. त्यास लोक ‘त्सुनामी बेट’ म्हणतात; डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले, असे स्थानिक माणसे सांगतात. भरतीस त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो.

येथे वर्गाची पहिली आखणी मोडली. या बेटावर जीप जाऊ शकत नाही, कारण तेथे होडीनेच जावे लागते. तेथे तंबूही ठोकता येत नाही, कारण रात्री भरती येते. मग वर्गाने दुसरी आखणी केली : मुक्काम देवबागेत, आणि बेटावर केवळ ओहोटीच्या वेळी फेरी. तिथी निवडली षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि सकाळी पावणेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओहोटी पुरी होत आली असता बेटावर उतरावे, आणि पाणी वळताच परतावे. नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी समुद्राकडे जोराने ओढते, म्हणून तेथे पोहावयाचे नाही. अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत पाऊल ठेवावयाचे नाही. आणि तांडेल किंवा किनाऱ्यावरचा कोळी ‘नको’ म्हणाला, की त्यावर वाद घालावयाचा नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

सामान आणि जागा

बारा माणसे, दोन दिवस. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज पाच लिटर पाणी धरले तर १२० लिटर झाले, म्हणजेच १२० किलो वजन. तंबू, चादरी व शिधा यांपेक्षा पाणीच जड, हे यादी केल्यावर कळले. “देवबागेत विहिरी आहेत, मग पाणी कशाला न्यावे?” असे एका मुलीने विचारले. प्रश्न योग्य होता. वाळूच्या पट्टीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. आणि उपसा करून ती पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते. पाहुण्याने पाणी जपून वापरावे, ते एवढ्याचसाठी.

तंबूची जागा ग्रामपंचायतीस व जागेच्या मालकास विचारून घ्यावी. गेल्या भरतीने आणून टाकलेल्या काटक्या-शेवाळाच्या रेषेपासून बरीच वर असावी, आणि नारळाच्या झाडाखाली मुळीच नसावी. नारळ वेळ सांगून पडत नाही. वाळूत मेख धरत नाही, म्हणून पिशवीत वाळू भरून ती पुरावी आणि दोर तिला बांधावा. सुरूच्या वाळलेल्या पानांजवळ विस्तव करू नये. कालवांच्या कपच्यांनी पाय कापतो, सबब अनवाणी हिंडू नये. रापण ओढण्याची व होड्या लावण्याची जागा मोकळी ठेवावी. ती कोळ्यांची शेतेच होत. नेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी, आणि तिचे कागद व पिशव्या परत आणाव्यात. मार्ग, मुक्काम व परतीची वेळ लिहिलेला एक कागद शाळेत आणि एक प्रत्येकाच्या घरी असावा.

मर्यादवेल

शेवटचा प्रश्न राहिला तो जीपचा. बेटावर नाही, तर निदान देवबागेच्या पुळणीवर तरी ती चालवावी, असा मुलांचा आग्रह होता.

कोकणच्या पुळणीवर, जेथे भरतीची धाव संपते तेथे, एक वेल पसरलेला असतो. त्याची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, फुले जांभळट गुलाबी. त्यास मर्यादवेल म्हणतात. त्याला पेरापेरावर मुळे फुटतात आणि ती वाळू धरून ठेवतात. वाऱ्याने आलेली वाळू त्यात अडकते, हळूहळू तिची टेकडी होते, आणि वादळात तीच टेकडी पाठीमागील गावाचे रक्षण करते. गाडीचे चाक त्यावरून गेले की वेल तुटतो, उघड्या पडलेल्या वाळूत वारा शिरतो, आणि शेकडो पावसाळ्यांत साचलेले वाहून जाऊ लागते. देवबागेस समुद्राच्या आक्रमणाची झळ आधीच लागलेली आहे. किनारा राखण्यासाठी तेथे दगडी बंधारे घालावे लागले आहेत. याच किनारपट्टीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास ही गावे ती अंडी राखण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. चाकाखाली अंडी फुटतात, आणि चाकोरीत पडलेल्या पिलास समुद्र गाठता येत नाही. म्हणूनच गोव्यात पुळणीवर गाडी चालविण्यास बंदी आहे, आणि किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना विशेष संरक्षण दिले आहे.

“मग ऑस्ट्रेलियात कसे चालते?” ऑस्ट्रेलियातील ते बेट १२० किलोमीटर लांब; देवबागेची पट्टी एका बाजूने दुसऱ्या बाजूस काही मिनिटांत चालून जाता येते, आणि तिच्यावर एक गाव नांदत आहे. शिवाय तेथेही गाडी ठरलेल्या वाटांनी व भरतीखालच्या कठीण वाळूवरूनच न्यावी लागते. वेलींनी धरलेल्या टेकड्यांवर नेण्यास तेथेही मनाई आहे. म्हणजे नियम एकच आहे. आपल्याकडे ती मर्यादा जरा आधी येते, इतकेच.

तेव्हा तो मूळ प्रश्न विचारणारा विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे एवढी सगळी आखणी करून जीप लागतच नाही!” त्याचे म्हणणे बरोबर होते. गाडी डांबरी रस्ता संपेल तेथे उभी करावी आणि पुढे पायी जावे, असे आमच्या आखणीचे शेवटचे कलम ठरले. चार तासिका खर्च करून आपण नको ती वस्तू यादीतून काढली, हे या अभ्यासाचे फळ लहान नव्हे. काय काय न्यावे हे दुकानदारही सांगेल. कोठे थांबावे हे मात्र ज्याचे त्यालाच अभ्यासाने कळावे लागते. आमच्या पूर्वजांनी एका साध्या वेलीस ते नाव विचारपूर्वकच दिले असावे.

स्वाध्याय

१. कृष्ण तृतीयेस पूर्ण भरतीची अदमासे वेळ काढा. त्यानंतरची ओहोटी केव्हा येईल?
२. १,०८० पौंड भाराच्या चाकात २४ पौंड हवा असल्यास किती चौरस इंच टायर जमिनीस टेकेल?
३. तुमच्या कुटुंबाच्या दोन दिवसांच्या मुक्कामास किती किलो पाणी न्यावे लागेल?
४. घरातील वडील मंडळींसह बसून एका सहलीची यादी करा, आणि तीतून न लागणाऱ्या तीन वस्तू कारणांसह काढून टाका.